सोळाव्या भिंगरीचं उलटं पातं

धना रोज सकाळी मला दहा सुया ओवून द्यायची. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय, डाव्याचा राहिलाय, आणि त्या दोघांचं आपसात काही जमत नाही. टाका घालायला अडचण येत नाही, हाताला सवय आहे; पण सुईचं नेढं म्हणाल तर दिसतच नाही. म्हणून चहाच्या आधी धनलक्ष्मी, म्हणजे आमची शेजारीण धना, मागच्या गॅलरीतून यायची, चष्मा नाकावर नीट बसवायची आणि दहा सुया ओवून माझ्या लाल टाचण-उशीत खोचून जायची. माझ्या मुलीनं, बुद्धप्रियानं, पुण्याहून सुई ओवायचं एक पत्र्याचं छोटं यंत्र आणून दिलं होतं. ते मी कुठे टाकलं तेही आठवत नाही. धना असताना यंत्र कशाला लागतंय?

हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे मी जे बोलणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, शालन मोठी भांडकुदळ बाई दिसते. आहेच मी. राग माझ्या नाकावर असतो आणि तोंड फटकळ आहे. पण धनाशी मी बावीस वर्षांत एकदाही भांडले नव्हते, हेही लिहून ठेवा.

आम्ही दोघी सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात होतो. मी कॉलर लावायचे, ती काज-बटण करायची. मी माळशिरस तालुक्यातली, बौद्ध. ती अक्कलकोटकडची, लिंगायत. माझ्या पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायका डबे घेऊन माझ्यापासून चार हात लांब बसल्या. कुणी काही बोललं नाही, नुसत्या सरकल्या. धना तेवढी उठली, माझ्या समोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "तुज्या डब्यात काय हाय गं?" शेंगाचटणी होती. तिनं न विचारता बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाली, "यव्वा, तिकट हाय की!" त्या दिवसापासून आमचा डबा एक झाला. कारखाना बंद पडला तेव्हा तिनंच तिच्या शेजारची ही जागा मला दाखवली. आमच्या दोन घरांना मागे एकच गॅलरी आहे, मध्ये दार नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोघी रुपालीच्या गोधडी शिवायच्या ग्रुपमध्ये शिरलो. रुपाली म्हणजे पस्तिशीची हुशार पोरगी, पुण्यात शिकून आली आणि इथे एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर वर्ग घेते. गोधडीला ती क्विल्ट म्हणते आणि ठिगळाला ब्लॉक. आम्ही तोंडानं ब्लॉक म्हणतो, मनात ठिगळच म्हणतो. दर महिन्याला तिचं एक चॅलेंज असायचं. बारा इंचाचा ब्लॉक, विषय ती देणार, कापड घरातलंच वापरायचं, नवीन आणायचं नाही. 'जेवण' हा विषय होता तेव्हा मी जुन्या खाकी गणवेशाच्या कापडातून कडक भाकरी केली, अगदी पापुद्रा सुटलेली, आणि पहिली आले. 'दार' या विषयाला धना पहिली आली. तिनं दाराला कडी म्हणून खरंखुरं काज केलं होतं आणि त्यात बटण अडकवलं होतं. काज करावं तर धनानंच. तिचा टाका इतका दाट असतो की कापड फाटेल, काज उसवणार नाही.

वर्षाच्या शेवटी असते गूढ गोधडी. वर्षभरात पहिल्या आलेल्या बारा जणींपैकी एकीला रुपाली गुपचूप निवडते. ती बाई आपल्या घरातली एखादी जुनी गोधडी दाखवते, ती कुणाची, कुठली, ते लिहून देते. रुपाली तिची मापं काढते आणि दर सोमवारी एकेक पायरी फोनवर ग्रुपमध्ये टाकते. पायरी आली की तेवढंच शिवायचं. पुढे काय, शेवटी काय दिसणार, कुणालाच माहीत नाही. सगळा उलगडा शेवटच्या रविवारी होतो, सगळ्यांसमोर. तोपर्यंत जिची गोधडी आहे तिनंही आपल्यासारखंच कोरं तोंड करून शिवायचं. गुपित फोडणारीला ग्रुपमधून काढतात.

आम्ही दोघी सोमवारी माझ्याच खोलीत शिवायला बसायचो. डोळ्यांमुळे मला फोनवरचं वाचवत नाही, म्हणून धना मोठ्यानं वाचून दाखवायची. पहिल्या सोमवारी आलं, पाच इंचाचे बत्तीस गडद आणि बत्तीस फिके चौकोन कापा. दुसऱ्या सोमवारी, गडदावर फिका ठेवून कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना शिलाई घाला आणि रेघेवर कापा. उघडलं की अर्धा गडद, अर्धा फिका असा चौकोन मिळतो. तिसऱ्या सोमवारी इस्त्री आणि छाटणी. चौथ्या सोमवारी चार-चार चौकोन जोडायला सांगितले, आणि जोडताच चार पात्यांची भिंगरी दिसली. जत्रेत काडीला लावलेली असते ना कागदाची, तीच. अशा पंधरा करा, सोळावीला हात लावू नका, असा निरोप होता.

भिंगरी मी हातात घेऊन उलटसुलट बघितली. माझी आई भिंगरीच शिवायची. पण भिंगरी काय, शंभर घरांत सापडेल. मी पुढे शिवत राहिले.

पाचव्या सोमवारी धनानं वाचलं, "सोळाव्या भिंगरीत शेवटचं पातं उलटं लावा. ही चूक नाही. कृपया सुधारू नये."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

आता आईचं सांगते. तिचं नाव सोनाबाई. दिवसभर दुसऱ्याच्या रानात, आणि राहिलेल्या वेळात वाकळ शिवायची. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आईच्या वाकळीत सोळा भिंगऱ्या असायच्या. मी सात वर्षांची असताना एकदा तिनं शेवटची भिंगरी माझ्या हातात दिली आणि खुरपायला गेली. मी जीभ बाहेर काढून शिवली आणि एक पातं उलटं लावलं. तीन पाती एकीकडे पळतायत, चौथं त्यांच्या अंगावर धावून येतंय. आई आली, बघितलं. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, उसवते. आई म्हणाली, "उसवू नगं. कुनी शिवलीय ते कळाया नगं व्हय?" त्यानंतर तिनं आयुष्यात जेवढ्या वाकळी शिवल्या त्या प्रत्येकीत सोळाव्या भिंगरीचं शेवटचं पातं उलटं लावलं. मुद्दाम. तिला लिहिता येत नव्हतं. ती तिची सही होती, आणि त्या सहीत माझी चूक होती. मला याचा केवढा अभिमान होता ते मला सांगता यायचं नाही.

त्या सगळ्या वाकळी विरून गेल्या. एकच राहिली, मी पातं लावलेलीच, आणि ती माझ्याकडे नव्हती. दोन वर्षांपूर्वी धनाचे यजमान सिद्धलिंगप्पा वारले. धनाला झोप लागेना, भर एप्रिलात तिला थंडी वाजायची. मी पेटीतून आईची वाकळ काढली आणि तिच्या अंगावर घातली. त्या रात्री ती झोपली. मग मी परत मागितली नाही. दिलेलं पांघरूण मागतं का कुणी? उलट्या पात्याची गोष्ट तिला मी कारखान्यातच सांगितली होती, एकदा नाही, पन्नासदा. या जगात ती गोष्ट माहीत असलेली माणसं तीनच, मी, माझा भाऊ धर्मपाल आणि धना.

म्हणजे गुपित धनाचं होतं. रुपालीनं धनाला निवडलं आणि धनानं माझ्या आईची वाकळ नेऊन दाखवली! माझा नुसता ऊर भरून आला. मी तिच्याकडे बघितलं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला.

"कुनाच्या घरातली आसंल गं ही?" मी मुद्दाम विचारलं.

"काय म्हाईत. बगू की त्या रविवारी," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात हसले. म्हटलं, बघा कसं सोंग करतेय, आणि मीही सोंग वठवलं. तिचा आनंद मला घालवायचा नव्हता. पुढच्या आठवड्यात सहज विचारलं, "आईची वाकळ बरी हाय न्हवं?" तर म्हणाली, "हाय की. कपाटात हाय, डांबरगोळ्या घालून." मी पुन्हा हसले. किती मूर्ख असावं माणसानं! बाई माझ्या डोळ्यांसमोर खोटं बोलत होती आणि मी तिच्या खोट्याचं कौतुक करत होते.

शेवटचे तीन आठवडे मी झपाटल्यासारखं शिवलं. भिंगऱ्या जोडल्या, काठ लावला, खाली जुन्या धोतराचे पदर घातले आणि धावदोरा घेतला. सोळाव्या भिंगरीचं पातं उलटं लावताना मला आई शेजारी बसलीय असं वाटलं. ग्रुपमधल्या चौतीस बायका आपापल्या घरी तेच पातं उलटं लावत होत्या. माझी सात वर्षांच्या वयातली चूक साऱ्या सोलापुरात शिवली जात होती! मी धर्मपालला फोन केला. तो एसटीतून निवृत्त झालाय, माळशिरसलाच असतो.

"रविवारी ये," मी म्हटलं. "आयचं नाव निगनार हाय. माइकवर."

"आयचं?" त्यानं पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "फोटू आनू का तिचा?"

"आन की. वाकळीपाशी ठिवू."

रविवारी सकाळी धना नेहमीसारखी सुया ओवायला आली. त्या दिवशीसुद्धा आली. दहा सुया खोचल्या आणि म्हणाली, "आटप लवकर, अकराला हाय." गोधडीचा काठ एका बाजूनं सुटत होता, तो नीट करायला मला सात सुया लागल्या. तीन तशाच उशीत राहिल्या. मी निळ्या काठाची पांढरी साडी नेसले. धर्मपाल कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा फोटो. आम्ही होटगी रोडवरच्या त्या मंगल कार्यालयात पोचलो.

दोऱ्या बांधून चौतीस गोधड्या लावल्या होत्या. लाल, निळ्या, पोपटी, कुणाच्या इरकलच्या, कुणाच्या नवऱ्याच्या शर्टांच्या. रंग वेगळे, पण प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्यात एक पातं उलटं. धर्मपालनं मला कोपरानं ढोसलं. "ताई, सगळ्यांत हाय की गं तुजं पातं." त्याचे डोळे भरले होते.

पुढच्या रांगेत धनाचा मुलगा गुरुशांत बसला होता आणि त्याच्या शेजारी धनाचे होणारे व्याही-विहीणबाई. अक्कलकोटची मोठी माणसं, दुकान, शेती, सगळं असलेली. गुरुशांतचं लग्न महिन्याभरावर आलं होतं. मला वाटलं, चांगलं झालं, तेही ऐकतील.

रुपालीनं पडदा ओढला. मागे आईची वाकळ टांगलेली होती. विटकी, पातळ झालेली, पण उजेडात सोळाही भिंगऱ्या स्पष्ट दिसत होत्या. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात रुपालीनं कागद हातात घेतला आणि वाचलं, "ही आपल्या धनलक्ष्मीकाकूंच्या माहेरची कौदी. त्यांच्या आजी, कैलासवासी शिवबाई, यांच्या हातची. गोधडीला त्यांच्याकडे कौदी म्हणतात. चार पिढ्यांची ही परंपरा आहे. एवढ्या सुंदर कामाला कुणाची दृष्ट लागू नये, म्हणून शिवबाई शेवटचं एक पातं मुद्दाम उलटं लावत असत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी वळून धनाकडे कौतुकानं बघितलं. धना हात जोडून उभी होती. मला आधी वाटलं, कागद बदलला असेल. दुसऱ्या कुणाचा कागद या वाकळीला लागला असेल. खरंच वाटलं. मग मला दिसलं, लांबचं उजव्या डोळ्यानं नीट दिसतं मला, वाकळीच्या कोपऱ्यात, नेमकी सोळाव्या भिंगरीवर, पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली होती आणि तिच्यावर काळ्या दोऱ्यानं काढलं होतं 'कै. शिवबाई, अक्कलकोट'. पट्टी चारी बाजूंनी काजाच्या टाक्यानं शिवलेली. तो टाका मी झोपेतही ओळखेन.

मी उभी राहिले. "ही माज्या आयची वाकळ हाय. सोनाबाईची."

सगळे वळले. रुपाली गोंधळली, पण पोरगी गोड बोलणारी. "काकू, भिंगरी तर जगभर शिवतात. एका घरातून दुसऱ्या घरात जाणं, हीच तर परंपरा असते."

"भिंगरी जगाची आसू दे. उलटं पातं माजं हाय. मी सात वर्साची आसताना लावलंय. धना, सांग ह्यांना. ते पातं कुनी लावलं सांग."

धनानं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं पुढच्या रांगेकडे बघितलं, मग माइक हातात घेतला. "ह्या शालनबाई," ती म्हणाली. "आमच्या शेजारी राहतात. कारखान्यात सोबत होत्या. ही भिंगरी मीच शिकवली त्यांना. आता वय झालंय, डोळ्यांचाबी त्रास हाय, घोळ होतो त्यांचा कधीकधी."

बावीस वर्षांत ती मला पहिल्यांदा 'ह्या' म्हणाली. पहिल्यांदा 'शालनबाई' म्हणाली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण बोंब मारली असती तर बरं झालं असतं. मी तिच्याहून मोठ्यानं ओरडले असते. ती हळू बोलली, मायेनं बोलली, माझी कीव केल्यासारखं बोलली. केसानं गळा कापणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. कुणीतरी मागे हसलं. एक बाई म्हणाली, बसा हो काकू, पाणी घ्या.

मी आणखी काय काय बोलले ते मला आठवत नाही. मोठ्यानं बोलले एवढं नक्की. धर्मपालनं माझा दंड धरला. "चल ताई," तो म्हणाला. बाहेर रिक्षात बसल्यावर म्हणाला, "आयनं वाकळंवर कुटं नाव टाकलं हुतं? कशानं पटवायचं लोकास्नी?" फोटो त्याच्या मांडीवर तसाच होता, वर्तमानपत्राची गाठसुद्धा सोडली नव्हती. तो घेऊन तो दुपारच्या गाडीनं परत गेला. मी त्याला जेवायलाही थांबवलं नाही, माझी लाजच वाटली त्याच्यासमोर बसायची.

सोमवारी सुया ओवायला कुणी आलं नाही. मंगळवारी दुपारी धना आली. गॅलरीतूनच आली, हातात कापडी पिशवी. पिशवीत घडी घातलेली आईची वाकळ.

"तुजं तुला आनलंय," ती म्हणाली आणि वाकळ माझ्या खाटेवर ठेवली.

"परवा कुनाचं हुतं मग?"

ती खाटेच्या कडेला बसली. "शालन, आगं समजून घे की. रुपालीनं इचारलं, घरची जुनी हाय का, आजीची, पंजीची. माज्याकडं हाय काय? भावांनी माज्या हाताला एक चिंधी लागू दिली न्हाय. सगळ्या बाया आपापल्या घरान्याचं सांगत हुत्या. मी काय सांगू?"

"माज्या मैत्रिनीच्या आयची हाय, असं सांगायचं."

"तसंच सांगनार हुते. तुजी शप्पत. पन तेवड्यात गुरुशांतचं जमलं. व्याही येनार म्हनाले बगायला." ती पदराशी चाळा करत होती. "दोन वर्सं मी ती अंगावर घेतलीय. माज्या घरात पांघरून कुटनं आलं, हे त्यांना कळलं आसतं तर…"

"कुटनं आलं?"

तिनं वाकळीची घडी नीट केली.

"सांग की. कुटनं आलं, धना?"

"तुला ठावं हाय की."

"मला ठावं हाय. तुज्या तोंडानं ऐकायचंय."

ती बोलली नाही. खाली बघत राहिली. तिच्या तोंडून तो शब्द निघाला असता तरी मला चाललं असतं, निदान ती माझ्यासमोर खरं बोलली असं झालं असतं. मी म्हटलं, "बावीस वर्सं माज्या डब्यातली चटनी खाल्लीस. तवा न्हाय इचारलंस कुटनं आली ती?"

"ती मी खाल्ली. व्याह्यांनी न्हाय." भाजीचा भाव सांगावा इतक्या साधेपणानं तिनं हे सांगितलं. मग तिनं माझा हात धरायला बघितलं. "लगीन हुं दे. मग मी रुपालीला सांगते की, हळूच. नाव बदलून घिऊ."

"हळूच?" मी म्हटलं. "मला येडी ठरवलंस. ते माइकवर. आनि आयचं नाव हळूच?"

"तुला कुनी येडी म्हनलं न्हाय गं."

"तू म्हनलीस. ऊठ, धना. जा तुज्या घरी."

ती उठली. दाराकडे जाता जाता तिची नजर सवयीनं माझ्या लाल उशीकडे गेली. "तीनच राहिल्यात की," ती म्हणाली. "ववून दिऊ का सुया?"

तिला ते विचारावंसं वाटलं! मी नको म्हटलं. ती गेली आणि मी माझ्या खोलीचं गॅलरीकडचं दार लावून घेतलं. ते दार लावायची कडी इतकी गंजली होती की दोन्ही हातांनी ओढावी लागली.

मग मी वाकळ उघडली. तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता, आईचा कधीच गेला होता. पट्टी अजून कोपऱ्यात होतीच. धनानं वाकळ परत केली होती, पण नाव तसंच ठेवून. मला दुसरं काही नको होतं. ग्रुप नको, माइक नको, टाळ्या नकोत. फक्त माझ्या आईच्या अंगावरून दुसरीचं नाव निघायला हवं होतं. मी बारीक कात्री घेतली आणि उसवायला बसले.

काजाचा टाका होता तो, धनाचा. एकाला एक चिकटून, मध्ये कात्रीचं टोक शिरायला जागा नाही. खालचं कापड पन्नास-पंचावन्न वर्षांचं, कांद्याच्या पातीसारखं झालेलं. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, बोटांनी चाचपत एकेक टाका तोडत गेले. तीन बाजू झाल्या. चौथी बाजू त्या उलट्या पात्यावरून गेली होती. मी थांबले. कळत होतं मला, कापड धरणार नाही. पट्टी तशीच राहू दिली तर आईच्या सहीवर शिवबाई बसणार, आणि काढली तर सही फाटेल. मी अर्धा तास नुसती बसून राहिले. मग म्हटलं, फाटलं तर फाटलं, मी पुन्हा लावेन. एकदा सात वर्षांची असताना लावलं, आता एकसष्टाव्या वर्षी लावेन.

ओढलं. पट्टी निघाली आणि तिच्याबरोबर पातं निघून हातात आलं. धाग्याला धागा धरून कसंबसं एकत्र राहिलेलं, तळहाताएवढं. वाकळीवर तिथे भोक पडलं, आतला जुना पदर दिसायला लागला.

उशीत तीन सुया होत्या. पांढरा दोरा, टोकाला गाठ मारलेला, धनानं रविवारी ओवलेला. एक सुई मी उचललीसुद्धा, पात्यापर्यंत नेली. पण त्या दोऱ्यानं नाही. आईची सही मला त्या दोऱ्यानं जोडायची नव्हती. मी तिन्ही सुयांतला दोरा ओढून काढला आणि खिडकीतून टाकून दिला.

मग रिळाचा नवीन दोरा घेतला. टोक तोंडात ओलं केलं, पिळलं, सुई उजेडात धरली. दोरा बाजूनं गेला. पुन्हा धरली, पुन्हा गेला. बुद्धप्रियाचं यंत्र शोधलं, डबे उपसले, सापडलं नाही. एकदा तर सवयीनं धनाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि आपलं आपल्यालाच कळून दातांनी ओठ धरला. भिंतीपलीकडे तिच्या मशीनचा आवाज येत होता, ती लग्नाचे ब्लाउज शिवत असेल. ऊन खाटेवरून खाली उतरेपर्यंत मी ओवत बसले. वाकळ मांडीवर होती, उलटं पातं चिमटीत होतं, आणि दोरा काही सुईत जात नव्हता.